हेडलाइटचे बल्ब सोलापूरच्या उन्हाने उडत नाहीत

गाडीच्या हेडलाइटचा बल्ब वारंवार उडू लागला की, 'सोलापूरचं ऊनच तसं आहे, शंभर वॅटचा टाका, टिकेल' असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत. हॅलोजन बल्बमधील टंगस्टनची तार पेटल्यावर २,५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापते, त्यामुळे बाहेर मे महिन्यातील ४४ अंश असोत की जानेवारीतील १५, तिला फारसा फरक पडत नाही.

तिला मारक ठरते ते जादा व्होल्टेज. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर बिघडून हा आकडा १५ च्या वर गेला, तर बल्ब कोणत्याही कंपनीचा असो, तो लवकर जाणारच, कारण व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढले तरी तारेचे आयुष्य जवळपास निम्मे होते. म्हणून नवा बल्ब घेण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून पाहावे. एकाच बाजूचा बल्ब जात असेल, तर सैल होल्डर किंवा आत शिरलेले पाणी शोधावे.

बसवताना काचेला बोट लागले, तर तेलकट डागापाशी काच अधिक तापून बल्ब फुटू शकतो (शेंगाचटणी खाऊन बल्ब बसवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे).

एच-४ प्रकारात (एकाच बल्बमध्ये हाय आणि लो बीमच्या दोन तारा) ६०/५५ वॅटचाच, शक्यतो 'लाँग लाइफ' बल्ब घ्यावा. जादा उजेडाचे बल्ब मुळातच कमी टिकतात, आणि १००/९० वॅटच्या बल्बने होल्डर वितळू शकतो, शिवाय अक्कलकोट रोडवर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.