तीन टिकवाला तो मेसेज खोटा आहे

"उद्यापासून सगळे कॉल रेकॉर्ड होणार, तीन टिक आल्या की समजा सरकारने मेसेज वाचला" हा जुना फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर परत आलाय, मावशीने तर घाबरून भावाशी राजकारणावर बोलणंच सोडलं. अहो, व्हॉट्सॲपवर तिसरी टिक नाहीच, एक राखाडी म्हणजे गेला, दोन म्हणजे पोचला, निळ्या झाल्या की वाचला, बस्स. पण फोन टॅपिंग होतच नाही असंही नाही. १९९६ ला सुप्रीम कोर्टाने त्याला अटी घातल्या, एरवी केंद्राच्या नाहीतर राज्याच्या गृहसचिवांचा आदेश लागतो, तो ६० दिवस चालतो, वाढवून जास्तीत जास्त १८०. आधी जजची परवानगी लागत नाही आणि नंतर तपासणारी समितीही सरकारी सचिवांचीच, मला खरी काळजी ह्याची वाटते.