व्यवसाय सुधारणा क्षेत्र, स्वान्सी

व्यवसाय सुधारणा क्षेत्र : शहराच्या ठरावीक भागातील व्यावसायिकांनी मतदान करून स्वतःवर जादा पट्टी बसवून घ्यायची आणि जमा होणारा पैसा त्याच भागाची सफाई, सुरक्षा, सजावट व जाहिरात यांवर खर्च करायचा, अशी कायदेशीर व्यवस्था. ब्रिटनमध्ये तिला ‘बिड’ म्हणतात. वेल्समधील पहिले बिड २००६ मध्ये स्वान्सी या समुद्रकाठच्या शहराच्या मध्यवर्ती भागात सुरू झाले.

बाजारपेठेतल्या दुकानदारांनी मिळून काही करायचे म्हटले की आपल्याकडे वर्गणी निघते. पाच जण देतात, दोघे टाळतात आणि दिवे मात्र सातही दुकानांपुढे लागतात. कॅनडातील टोरांटो शहराच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या पेठेत दुकानदारांना हेच नडत होते. भुयारी रेल्वे आली, ट्रामने येणारे गिऱ्हाईक जमिनीखालून निघून जाऊ लागले, त्यात मोठ्या मॉलची भर पडली. १९७० मध्ये तेथे सक्तीच्या पट्टीची तरतूद झाली; जगातील पहिले सुधारणा क्षेत्र ते हेच मानले जाते. पुढे ही पद्धत अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत गेली. केपटाउनच्या मध्यवर्ती भागात २००० पासून ती चालू आहे. तिथे पट्टी जागामालक भरतात. इंग्लंड आणि वेल्ससाठी संसदेने २००३ मध्ये कायदा केला.

ब्रिटिश पद्धतीचे मर्म मतदानात आहे. मतपत्रिका टपालाने जातात आणि मतदान नगर परिषदेच्या निवडणूक अधिकाऱ्यामार्फत होते. मत माणसाला नसून जागेला असते : एकाच कंपनीची दोन दुकाने असतील तर दोन मते. प्रस्ताव मंजूर व्हायला दोन बहुमते लागतात. मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जागा बाजूने हव्यात, आणि त्या जागांचे एकूण करमूल्यही विरोधकांच्या जागांपेक्षा जास्त हवे. त्यामुळे चार बडी दुकाने लहानांवर पट्टी लादू शकत नाहीत, तसेच शंभर टपऱ्या एकत्र येऊन मोठ्या दुकानाच्या खिशात हात घालू शकत नाहीत. मंजुरी मिळाली की विरोधात मत दिलेल्यालाही पैसे भरावेच लागतात. करमूल्य म्हणजे त्या जागेला वर्षाला मिळू शकणारे अंदाजी भाडे. त्याच्या साधारण एक-दोन टक्के पट्टी असते. २०,००० पौंड करमूल्याच्या दुकानाला एक टक्का दराने वर्षाला २०० पौंड पडतात. वसुली नगर परिषद करते, पण पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. क्षेत्रात परिषदेच्या इमारती असतील तर तीही मतदार आणि पट्टीदार ठरते. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची, नंतर पुन्हा मतदान. स्वान्सीत २०११, २०१६ आणि २०२१ मध्ये ही मुदत वाढवून मिळाली.

किनाऱ्यावरच्या पेठेला गिऱ्हाईक एकाच बाजूने येते, दुसऱ्या बाजूला पाणी. स्वान्सीच्या मध्यवर्ती भागाची १९ ते २१ फेब्रुवारी १९४१ या तीन रात्रींच्या जर्मन बॉम्बहल्ल्यात राखरांगोळी झाली. पुनर्बांधणीत रुंद रस्ते आले आणि गाव समुद्राजवळ असूनही त्याच्यापासून तुटल्यासारखे झाले. १९६१ मध्ये नव्याने उभा राहिलेला बंदिस्त बाजार वेल्समध्ये सर्वांत मोठा आहे. तेथे पेनक्लॉड गावच्या कॉकल (आपल्या तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्या) आणि समुद्री शेवाळ शिजवून केलेला काळपट हिरवा लगदा आजही विकला जातो. शेजारच्या ‘वाइंड स्ट्रीट’वर मद्यालयांची रांग आहे.

बिडचे काम या दोन टोकांमध्ये वावरते. दिवसा गणवेशातील मदतनीस वाट दाखवतात आणि दुकानदारांच्या तक्रारी टिपून घेतात. आठवडाअखेरच्या रात्री टॅक्सीची रांग सांभाळायला माणसे लागतात. पेठ शेवटच्या गिऱ्हाइकाला सुखरूप घरी पोचवते की नाही, यावर रात्रीचा धंदा अवलंबून असतो. फुलांच्या टोपल्या, सणासुदीचे कार्यक्रम ही नेहमीची कामे. मोठी बांधकामे मात्र बिडच्या आवाक्यातली नव्हेत. ऑयस्टरमाउथ रस्त्यावरून किनाऱ्याच्या बाजूला नेणारा सोनेरी पादचारी पूल आणि २०२२ मध्ये उघडलेले नाट्य-संगीतगृह हे नगर परिषदेच्या प्रकल्पाचे भाग आहेत.

या पद्धतीवर आक्षेपही बरेच आहेत. मोठ्या साखळी दुकानांचे मत दूरच्या मुख्यालयात बसून दिले जाते. पेठेत पाय न ठेवलेला माणूस तिथल्या दिव्यांचा निर्णय घेतो. खाजगी पहारेकरी बेघरांना हुसकावतात, अशी तक्रार अनेक देशांतून होते. ऑनलाइन विक्रीची गोदामे गावाबाहेर असल्याने स्पर्धकांवर पट्टीचा भार पडत नाही. सर्वांत वजनदार शंका नगर परिषदेविषयीची : व्यापारी झाडून घेतात म्हणताच ती झाडू खाली ठेवील. म्हणूनच परिषद आधीपासून कोणत्या सेवा देते याची लेखी नोंद केली जाते आणि बिडचा पैसा त्यांच्यावर भर म्हणूनच खर्चावा असे अपेक्षित असते. प्रत्यक्षात अंदाजपत्रक आक्रसले की ही नोंद कितपत टिकते, हे त्या-त्या गावच्या व्यापाऱ्यांच्या चिकाटीवर ठरते. इंग्लंड-वेल्समध्ये किमान मतदानाची अट नाही. स्कॉटलंडमध्ये किमान २५ टक्के मतदान लागते.