ब्युटिरेट आणि आतड्याचा दाह : धागे कसे जुळले

ब्युटिरेट हे आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेले एक छोटे मेदाम्ल; ते आतड्याचा दाह कसा रोखते, हा इथला विषय. त्याचा पहिला पक्का आकडा प्रतिकारपेशींचा नव्हे, आतड्याच्या अस्तराचा आहे. १९८० मध्ये संशोधक रोडिगर यांनी मोठ्या आतड्याच्या वेगळ्या काढलेल्या पेशी तपासल्या. ग्लुकोज आणि ब्युटिरेट दोन्ही पुढ्यात असताना त्या ब्युटिरेटच जास्त जाळत होत्या. प्राणवायूच्या वापरातला ७० टक्क्यांच्या आसपास वाटा त्याचाच. हे मेदाम्ल जिवाणू पुरवतात. न पचलेले तंतू ते आंबवतात आणि ॲसिटेट, प्रोपियोनेट, ब्युटिरेट साधारण ६०:२०:२० या प्रमाणात तयार होतात.

शस्त्रक्रियेने मलमार्ग वळवला की बाजूला पडलेल्या आतड्याला सूज येते. १९८९ मध्ये अशा ४ रुग्णांना या तीन मेदाम्लांचा ६० मिली एनिमा दिवसातून दोनदा दिला आणि सूज ओसरली. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ सूज व व्रण येणारा आजार) मात्र निकाल संमिश्र राहिले. तिथे पुरवठा करून भागत नाही; पेशीची ब्युटिरेट जाळण्याची क्षमताच मंदावलेली असते.

प्रतिकारपेशींचा धागा वेगळा होता. २००९ मध्ये दिसले की एका तंतुरूप जिवाणूमुळे उंदरांच्या आतड्यात दाह वाढवणाऱ्या टीएच-१७ या प्रतिकारपेशी वाढतात. एकाच जातीचे, पण वेगवेगळ्या पुरवठादारांकडचे उंदीर वेगळे का वागतात, याचे उत्तर त्या जिवाणूत होते. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांचे जिवाणू सारखे होत जातात. म्हणून अशा प्रयोगांत जपावे लागते: जनुक बदललेले उंदीर एका पिंजऱ्यात आणि साधे दुसऱ्यात ठेवले, तर फरक जनुकाचा की पिंजऱ्याचा हे कळत नाही. एकाच विणीची पिल्ले घेऊन प्रत्येक गट अनेक पिंजऱ्यांत विभागावाच लागतो.

२०११ मध्ये या धाग्याला चयापचयाची जोड मिळाली: टीएच-१७ पेशीला ग्लायकोलिसिस (प्राणवायू न वापरता ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवणे) लागते, ते रोखले की तीच पेशी दाह शमवणाऱ्या टी-रेग या प्रतिकारपेशीकडे वळते. २०१३ मध्ये तीन संशोधक गटांनी लघुशृंखल मेदाम्लांमुळे (ब्युटिरेट त्यांतलेच) टी-रेग वाढतात हे दाखवले. ब्युटिरेट हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) ॲसिटिल गट काढणाऱ्या एन्झाइमला अडवते, आणि टी-रेगची ओळख ठरवणारे फॉक्सपी-३ जनुक खुले राहते. इंधन आणि संदेश, दोन्ही एकाच रेणूत!

सर्वांत मोलाचा दुवा मला प्राणवायूचा वाटतो. अस्तर ब्युटिरेट जाळते तेव्हा रक्तातून आलेला प्राणवायू तिथेच खर्ची पडतो, म्हणून आतड्याच्या पोकळीत प्राणवायू न सोसणारे, ब्युटिरेट बनवणारे क्लॉस्ट्रिडिया हे जिवाणू टिकतात. प्रतिजैविकांनी ते मेले की अस्तर ग्लायकोलिसिसवर जाते, वाचलेला प्राणवायू पोकळीत झिरपतो आणि ई. कोलायच्या कुळातले जिवाणू फोफावतात. २०१७ च्या सुमारास उंदरांत हे चक्र उलगडले.

नुसते ब्युटिरेट गिळले तर ते बरेचसे वरच्या आतड्यातच शोषले जाते. खाली पोचवायला आवरणाची गोळी, एनिमा किंवा तंतू लागतात. आणि तंतू द्यायचे तर ते आंबवणारे जिवाणू आधी तिथे असावे लागतात.