फुफ्फुसातील गाठींचे थर्मल अ‍ॅब्लेशन : रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती

फुफ्फुसातील कर्करोगाची लहान गाठ शस्त्रक्रियेविना, सुईवाटे उष्णता देऊन नष्ट करण्याच्या उपचाराला थर्मल अ‍ॅब्लेशन म्हणतात. रेडिओफ्रिक्वेन्सी आणि मायक्रोवेव्ह या त्याच्या मुख्य पद्धती. सीटी स्कॅनवर पाहत सुई गाठीत नेतात; तापमान ६०° सेल्सिअसच्या वर गेले की पेशी लगेच मरतात. छातीच्या पोकळीत हवा साठणे ही यातली नेहमी दिसणारी गुंतागुंत. रक्तवाहिन्यांच्या इजा त्यामानाने विरळ, पण जिवावर बेतू शकतात.

सुईच्या वाटेत थोडा रक्तस्राव होऊन थुंकीतून रक्त पडणे बहुधा आपोआप थांबते. बरगडीच्या खालच्या कडेने जाणारी धमनी दुखावली, तर मात्र छातीत रक्त साठते. म्हणून सुई बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात. फुफ्फुसशिरेत हवा शिरणे अतिशय दुर्मीळ. ती हवा हृदयाच्या डाव्या भागातून मेंदूत पोहोचली तर पक्षाघात होऊ शकतो. संशय येताच शुद्ध ऑक्सिजन देतात, सोय असल्यास उच्चदाबाच्या कक्षात.

सर्वांत फसवी गुंतागुंत म्हणजे फुफ्फुसधमनीचा स्यूडोअ‍ॅन्युरिझम, म्हणजे दुखावलेल्या भिंतीतून बाहेर आलेल्या रक्ताचा फुगा. मोठ्या वाहिनीतले वाहते रक्त उष्णता वाहून नेते, त्यामुळे तिची भिंत बऱ्याचदा वाचते (त्याच कारणाने तिला चिकटलेल्या गाठीच्या पेशीही वाचू शकतात), तर बारीक वाहिन्या गोठून बंद होतात. काही वेळा मात्र वाहिनी उघडी राहते आणि तिची भिंत उष्णतेने किंवा सुईने कमकुवत होते. तिथून झिरपलेले रक्त भोवतालच्या ऊतीत फुगा धरते. या फुग्याला धमनीची पूर्ण भिंत नसते, त्यामुळे तो फुटण्याचा धोका खूप. गाठ मोठ्या वाहिन्यांजवळ असली किंवा जळालेल्या जागी पोकळी होऊन जंतुसंसर्ग झाला, तर ही भीती वाढते.

हा फुगा उपचारानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही प्रकट होतो. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. म्हणूनच उशिरा खोकल्यातून आलेले ताजे लाल रक्त ‘जखम भरतेय’ म्हणून सोडून देणे घातक ठरते. अशा वेळी शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनवर रक्त उजळ दाखवणारे औषध) देऊन तातडीने सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, करतात; जळालेल्या करड्या भागात धमनीइतकाच उजळ गोल ठिपका दिसला की निदान जवळजवळ पक्के. मग बहुधा मांडीच्या शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) हृदयाच्या उजव्या भागामार्गे फुफ्फुसधमनीत नेऊन धातूच्या बारीक कॉइलने ती फांदी बंद करतात. रक्त ब्राँकियल धमनीतून (श्वासनलिकांना रक्त पुरवणारी, महाधमनीशी जोडलेली धमनी) येत असेल, तर कॅथेटर महाधमनीच्या बाजूने न्यावा लागतो.