एकच युग्लीना, दोन स्वयंपाक

सोलापूरच्या कंबर तलावाच्या काठचं साचलेलं पाणी हिरवं दिसलं की आपण ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतो. अशा कुजक्या, गाळाच्या पाण्यात बऱ्याचदा युग्लीना हा एकपेशीय जीव असतो. लांबी साधारण ५० मायक्रोमीटर, पुढच्या टोकाला चाबकासारखी कशाभिका. उजेडात तो झाडासारखं स्वतःचं अन्न बनवतो, अंधारात पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय अन्न शोषतो. बी१ आणि बी१२ ही जीवनसत्त्वं मात्र त्याला दोन्ही वेळा बाहेरूनच लागतात.

सर्वाधिक अभ्यासलेली जात म्हणजे युग्लीना ग्रॅसिलिस. उजेडात तिच्या हरितलवकांच्या (पेशीतल्या अन्न बनवणाऱ्या हिरव्या भागांच्या) पडद्यांत अल्फा-लिनोलेनिकसारखी मेदाम्लं भरपूर असतात. अंधारात वाढवली की हरितलवकं आक्रसतात, ही मेदाम्लं घटतात आणि २० ते २२ कार्बनच्या मेदाम्लांचा वाटा वाढतो. साठवणीचं अन्न मात्र तेच राहतं: पॅरामायलॉन. तेही स्टार्चसारखं ग्लुकोजच्या साखळीचंच, पण सांधे वेगळे, म्हणून स्टार्चसारखं आयोडीननं निळं होत नाही. प्राणवायू संपला तर ही जात पॅरामायलॉन मोडून मेण बनवते आणि त्यातून ऊर्जा मिळवते. हवा परत आली की मेणाचं पुन्हा पॅरामायलॉन. एवढ्याशा पेशीला हे जमतं, याचं नवल वाटतं.

घरी पाहायचं तर अर्धा लिटर पाण्यात ज्वारीचे वीसेक दाणे दहा मिनिटं उकळा आणि थंड करा. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जायला ते आधी दिवसभर उघडं ठेवा. हे पाणी दाण्यांसकट दोन बरण्यांत वाटून प्रत्येकीत तलावाचं थोडं हिरवं पाणी घाला. तिसऱ्या बरणीत दाणे नकोत, साधं पाणी आणि तलावाचं पाणी. दाण्यांची एक बरणी खिडकीशी, पण थेट उन्हात नको. उरलेल्या दोन काळ्या कागदात गुंडाळा. तोंडाला फडकं बांधा, झाकण नको.

दाण्यांच्या अंधाऱ्या बरणीतला युग्लीना आठवड्याभरात फिका पडू लागतो. नवं क्लोरोफिल बनत नाही आणि जुनं प्रत्येक विभाजनात वाटलं जातं. उपाशी बरणीत विभाजनच जेमतेम होतं, म्हणून हिरवेपणा जास्त टिकतो. तिसरी बरणी ठेवायची ती यासाठीच; दाणे विसरलेला माणूस ‘काहीच झालं नाही’ म्हणतो. फिकट पेशी परत उजेडात ठेवल्या की तीनेक दिवसांत हिरव्या होतात.

बिघडतं ते असं. दाणे जास्त झाले की जिवाणू माजतात, प्राणवायू संपतो, वास येतो. काही दिवसांनी पॅरामेशियमसारखे जीव वाढून बाकीच्यांना गिळू लागतात. युग्लीनाच्या काही जाती अंधारात वाढतच नाहीत. आयोडीन टाकल्यावर निळे ठिपके दिसले तर ते बहुधा ज्वारीच्या पिठाचे किंवा दुसऱ्या शेवाळाचे.

सगळ्यात फसवा उन्हाळा. ३२ ते ३५ अंशांत काही पिढ्या वाढलेला युग्लीना ग्रॅसिलिस हरितलवक कायमचं गमावतो. पेशी जगते, पण पुन्हा उजेडात ठेवूनही हिरवी होत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात खोलीतही एवढं तापमान सहज होतं. मग फिकेपणा अंधारानं आला की उष्णतेनं, हे सांगता येत नाही. हा प्रयोग जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत करावा.