जुन्या गाडीला इलेक्ट्रिक रेडिएटर फॅन बसवणं (प्रीमियर पद्मिनी)

इंजिनच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या मूळ पंख्याऐवजी, किंवा तो तसाच ठेवून त्याच्या जोडीला, बॅटरीवर चालणारा पंखा रेडिएटरला (इंजिनचं गरम पाणी थंड करणाऱ्या जाळीला) लावायचा, असा हा बदल आहे. आपल्याकडे फियाट ११०० डिलाइट, तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसेडर सांभाळणारे लोक तो बरेचदा करतात. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, इंजिन १०८९ सीसीचं, आणि पंखा थेट वॉटर पंपाच्या पुलीवर.

गोची इथेच आहे. गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा समोरून वारा नसतो, म्हणजे पंख्याची खरी गरज तेव्हाच, पण इंजिन आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत कमी वेगाने चालू, असल्यामुळे पंखाही हळूच फिरतो आणि तापमानाचा काटा चढायला लागतो. उलट हायवेवर वारा भरपूर असतो तरी पंखा जोरात फिरत राहतो आणि इंजिनची ताकद खातो, कारण पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद साधारण आठपट होते. इलेक्ट्रिक पंखा इंजिनच्या वेगावर अवलंबून नसतो, म्हणून ट्रॅफिकमध्ये तो खरंच फरक पाडतो.

पण चोक झालेल्या रेडिएटरवर हा इलाज नाही! वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरचं पाणी घातलेलं असेल तर जाळीच्या नळ्यांत क्षार बसलेले असतात, ते आधी साफ करून घ्या, रेडिएटर कॅप, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) बघून घ्या, मगच पंख्याचा विचार करा. थर्मोस्टॅट (इंजिन ठरावीक गरम झाल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकायची सवय बऱ्याच गॅरेजमध्ये आहे, तीही चुकीचीच, त्याने सकाळी इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो.

पंखा बहुतेक वेळा मारुती ८०० सारख्या छोट्या गाडीचा घेतात, स्वस्त पडतो आणि कुठेही मिळतो. मूळ पंखा काढला तर नवा रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला हवा खेचणारा बसवावा, तोच जास्त चांगला. मूळ ठेवायचा असेल तर पुढे, ग्रिलच्या मागे, हवा ढकलणारा. खेचणारा पंखा ढकलायला वापरायचा म्हणून नुसत्या वायरी उलट्या केल्या तर मोटर उलटी फिरते खरी, पण पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी असतो त्यामुळे हवा कमी पडते. आणि प्लास्टिकचे टाय जाळीतून घालून पंखा आवळू नये, हादऱ्याने नळ्या घासून गळती लागते, पट्टीचं ब्रॅकेट करून फ्रेमला धरावं. मूळ पंखा काढला तरी बेल्ट राहतोच, वॉटर पंप आणि डायनमो (बॅटरी चार्ज करणारा जुन्या पद्धतीचा जनरेटर) त्यावरच चालतात.

सगळ्यात जास्त लक्ष वायरिंगकडे द्यायला हवं, आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं. असा पंखा चालू असताना ८-१० अँपिअर घेतो, सुरू होताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट. म्हणून बॅटरीवरून फ्यूज, मग रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), मग पंखा अशी जाड वायर टाकायची आणि डॅशबोर्डवरच्या बटणातून किंवा टेंपरेचर स्विचमधून फक्त रिलेचा बारीक करंट जाऊ द्यायचा. स्विच थर्मोस्टॅटपेक्षा जास्त तापमानाचा घ्या, थर्मोस्टॅट ८२ अंशाला उघडत असेल तर साधारण ९२ ला लागणारा, नाहीतर पंखा बंदच होणार नाही. स्विच रबरी होजमधल्या धातूच्या जोडात बसवला असेल तर त्या जोडाला वेगळी अर्थची (गाडीच्या बॉडीला जोडणारी) वायर द्यावी लागते, रबरातून अर्थ मिळत नाही. साठच्या दशकातल्या काही ब्रिटिश गाड्यांत प्लस अर्थ (बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला) असतो, तिथे जोडणीआधी नीट तपासून घ्या.

जुन्या मॉडेलला डायनमो असेल तर खरी अडचण येते, कारण आयडलिंगला डायनमो जवळजवळ काहीच देत नाही आणि पंखा तर तेव्हाच चालणार, म्हणजे पावसाळ्यात रात्री हेडलाइट, वायपर आणि पंखा मिळून बॅटरी उतरवतात. माझ्या मते डायनमोच्या गाडीत आधी ऑल्टरनेटर (आयडलिंगलाही बऱ्यापैकी करंट देणारा नव्या पद्धतीचा जनरेटर) बसवावा, नंतरच पंखा.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल नकोत. त्यामुळे कुठेही भोक न पाडता, मूळ बोल्टवरच सगळं बसवावं आणि काढलेला पंखा जपून ठेवावा.

काम झाल्यावर गाडी उभ्यानेच चालू ठेवून काटा बघावा, पंखा आपोआप लागतोय आणि थोड्या वेळाने बंद होतोय का ते तपासावं, मग हेडलाइट लावून बॅटरीचे व्होल्ट मोजावेत.