इंग्रजी पत्रातली अंडी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की नाशिकच्या आमच्या छोट्या भाषांतर कार्यालयात परदेशी खरेदीदारांची पत्रं येऊ लागतात. दर, वजन, पेट्यांची संख्या एवढं तर हल्ली मोबाइलही बरं सांगतो. गाडी अडते ती म्हणींपाशी. एका बागायतदारांना इंग्लंडहून निरोप आला, की तुमचा माल 'क्युरेट्स एग' निघाला. मोबाइलने सांगितलं, 'धर्मगुरूचे अंडे'. धर्मगुरूचं म्हणजे काही तरी चांगलंच असणार, असं समजून त्यांनी आभाराचं पत्र लिहायला घेतलं होतं. ते पाठवण्याआधी आमच्याकडे आले, हे बरं झालं. हे पत्रक त्या दिवसापासून मनात होतं.

क्युरेट म्हणजे चर्चमधला कनिष्ठ धर्मगुरू. 1895 साली लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात जॉर्ज द्यू मोरिए यांचं एक व्यंगचित्र आलं. बिशपच्या घरी न्याहारीला बसलेल्या क्युरेटला नासकं अंडं वाढलं जातं. ते बिशपच्याच लक्षात येतं, पण यजमानाला वाईट वाटू नये म्हणून हा बिचारा म्हणतो, नाही नाही, याचा काही भाग फारच छान आहे! आंब्याचा डागी भाग कापून उरलेला खाता येतो. अंडं नासलं की सगळंच नासतं. म्हणजे मुळात अर्थ होता, पूर्ण वाईट वस्तूला भिडेपोटी दिलेलं अर्धं प्रशस्तिपत्र. आज इंग्रज माणूस बहुतेक वेळा 'काही चांगलं, काही वाईट' एवढ्याच अर्थाने हा शब्द वापरतो. खरेदीदाराचं म्हणणं तेच होतं : काही पेट्या उत्तम, काही नाहीत. अशा पत्राला आभाराचं उत्तर जात नाही. कोणत्या पेट्या, त्यांचे क्रमांक काय, फोटो पाठवता का, हे त्याच दिवशी विचारावं लागतं.

दुसरी म्हण आमलेटची : अंडी फोडल्याशिवाय आमलेट होत नाही. ती इंग्रजीत फ्रेंचमधून आली. आपल्याकडे तिच्यासमोर लगेच 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण ठेवली जाते. आम्ही तसं करत नाही. टाकीचे घाव सोसतो तोच दगड पुढे देव होतो. आमलेटच्या म्हणीत फुटतात ती अंडी, आणि खाणारा वेगळाच असतो. मोठं काम साधायचं तर कुणाचं तरी नुकसान होणारच, असा तिचा सूर आहे. म्हणून कामगारांना किंवा तोटा सोसलेल्या शेतकऱ्यांना लिहिलेल्या पत्रात ती कुणी घातली, तर आम्ही ती काढायला सुचवतो. ज्याचं फुटलं, त्याने ती वाचायची असते.

'सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवू नका' ही मात्र मराठीत जशीच्या तशी चालते, कारण टोपली पडली की काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. गुंतवणुकीच्या माहितीपत्रकांत ती हमखास भेटते. याच विचाराला गणिताची बैठक देणारा लेख अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 साली लिहिला आणि 1990 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अमेरिकेतले पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी 1885 मध्ये पिट्सबर्गच्या विद्यार्थ्यांना नेमकं उलट सांगितलं होतं : सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवा आणि त्या टोपलीवर नजर ठेवा. पत्रात दोन्हींपैकी काय म्हटलंय, ते नीट वाचा.

बँकेच्या किंवा पेन्शनच्या कागदांत 'नेस्ट एग' दिसलं, तर ते घरट्यातलं अंडं नव्हे. अडीअडचणीसाठी किंवा म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेली पुंजी. कोंबडीने त्याच जागी अंडी घालत राहावं म्हणून एक अंडं, खरं किंवा खोटं, तिथेच राहू द्यायचं, या रीतीवरून तो शब्द आला.

'एग ऑन' म्हणजे चिथावणं, फूस लावणं. इथे अंड्याचा काहीच संबंध नाही! हा 'एग' जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतला, आणि त्याचं नातं 'एज' म्हणजे धार या शब्दाशी. गंमत अशी, की अंड्याचा 'एग'ही नॉर्समधूनच आला. इंग्लंडच्या दक्षिणेत अंड्यांना पूर्वी 'आयरन' म्हणत. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने 1490 मध्ये एक हकिगत लिहून ठेवली आहे. वारा पडल्यामुळे गलबत अडकलं, व्यापारी किनाऱ्यावर उतरले, आणि त्यांतल्या एकाने एका बाईकडे 'एग्ज' मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हतं. शेवटी दुसऱ्या कुणी 'आयरन' म्हटलं, तेव्हा बाईला कळलं. एकाच देशातली दोन माणसं अंड्यावरून अशी अडली, तर आपण अडलो म्हणून संकोच कशाला?

बाकीच्या थोडक्यात. अंड्यांच्या टरफलांवर चालणं म्हणजे समोरचा कधी भडकेल या धास्तीने जपून वागणं. त्याला 'तारेवरची कसरत' म्हणू नये, तो तोल सांभाळण्याचा प्रकार आहे. चेहऱ्यावर अंडं म्हणजे चारचौघांत फजिती. आजीला अंडी चोखायला शिकवणं म्हणजे जाणकाराला त्याच्याच कामाचे धडे देणं; खरेदीदाराने तुम्हाला असं लिहिलं, तर तो नाराज आहे असं समजा. क्रिकेटमधलं 'डक' हे मुळात 'बदकाचं अंडं', शून्याच्या आकारावरून. आपला फलंदाज भोपळाही न फोडता परततो, तोही त्याच आकारामुळे. या एका ठिकाणी बदकाच्या जागी भोपळा ठेवताना भाषांतरकाराला मनापासून आनंद होतो.

आपल्याला एवढीच विनंती : अडलेला शब्द तेवढा पाठवू नका, पूर्ण पत्र पाठवा आणि त्याआधी आपण काय लिहिलं होतं तेही जोडा. 'क्युरेट्स एग' कौतुकाने म्हटलंय की तक्रारीने, ते मागच्या-पुढच्या ओळींवरूनच कळतं. एक-दोन ओळींच्या शंकेचे आम्ही पैसे घेत नाही. माल बंदरात पोहोचलेला असेल तर फोनवरच विचारा, उत्तर लगेच देऊ.